जुनं कार्ड, नवा बोर्ड आणि काळा पडदा

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी नवीन पीसी असेंबल केला. आय५-१२४००एफ प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड. बजेट तिथंच संपलं, म्हणून २०१३ साली घेतलेलं जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड जुन्या कॅबिनेटमधून काढून लावलं. पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. एचडीएमआय केबल बोर्डाला लावून पाहिली, तरी काळंच. दुकानदाराने रॅम बदलली, बोर्डाचा सेल काढून परत बसवला, आणि आता म्हणतो कार्ड गेलं. तेच कार्ड जुन्या पीसीत छान चालतंय!
– एक वाचक, सांगली

उत्तर : मग कार्ड गेलेलं नाही. स्लॉटचाही दोष नाही. पीसीआय एक्सप्रेसमध्ये, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या पद्धतीत, जुनं-नवं जमवून घेतात. गोम आहे ती विंडोज सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत. तेव्हा पडद्यावर काही दाखवायचं, तर बोर्ड कार्डाच्या चिपमधला छोटा प्रोग्राम वापरतो. नव्या बोर्डांना तो यूईएफआय पद्धतीचा लागतो. यूईएफआय म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या बायोस प्रोग्रामचा नवा अवतार. ६०० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांत मात्र जुन्या बायोसचाच आहे.

मी स्वतः अशाच एका पीसीवर अख्खा रविवार घालवला आहे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, कार्डाचे सोनेरी पाय खोडरबरने घासले, घरच्यांची बोलणी खाल्ली. शेवटी उपाय सापडला तो बायोसमध्ये : सीएसएम नावाची सेटिंग, म्हणजे जुन्या प्रोग्रामसाठी ठेवलेला दुभाषी. नव्या बोर्डांवर ती मुळात बंद असते. सेल काढला की सगळं पुन्हा मूळपदावर, म्हणजे तुमच्या दुकानदाराच्या खटपटीनंतरही दुभाषी झोपलेलाच असणार.

पण डिस्प्लेच नाही तर बायोसमध्ये शिरायचं कसं? तुमच्या प्रोसेसरच्या नावातला तो ‘एफ’ इथे नडतो. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. बोर्डाला केबल लावून काही दिसणार नव्हतंच. तेव्हा कुणाकडून तरी अर्ध्या तासासाठी नवं कार्ड मागून आणा, जीटी १०३०सुद्धा चालेल. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करा, सीएसएम चालू करा, सेव्ह करून आपलं कार्ड लावा. सीएसएमचा पर्याय काही बोर्डांवर नसतोच. तसं असेल तर जुन्या पीसीत कार्ड लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. तिथे ‘यूईएफआय’पुढे टिक नसेल, तर कार्डाच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी नवा बायोस (कार्डाच्या चिपमधला तो छोटा प्रोग्राम) दिला होता का ते पाहा. दुसऱ्या मॉडेलचा बायोस चुकूनही चढवू नका. मग कार्ड खरंच जाईल.

एवढा खटाटोप करण्याआधी चिरंजीवांना विचारा, खेळायचं काय आहे. या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२१पासून मिळत नाहीत. आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट हा गेम म्हणत असेल, तर सिक्युअर बूट बंद ठेवून तो चालायचा नाही. जुने गेम असतील तर खुशाल लावा.