विदर्भातल्या खेड्यातून ग्रहविज्ञानात जाता येतं का? आणि तिथल्या संधी आपल्याला वेळेवर का कळत नाहीत?

तू लिहिलंस : "मी रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यातला. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र. चंद्र-मंगळाच्या खडकांचा अभ्यास करायचा आहे. आपल्यासारख्यांना यात संधी असते का? असली तर वेळेवर का कळत नाही? माझं इंग्रजीही बेताचं आहे, आणि घरी विचारतात की यात नोकरी कोणती."

वयाने लहान असशील म्हणून तू म्हणते, राग मानू नको. मी आर्वी तालुक्यातली. बीएस्सी, एमएस्सी भूगर्भशास्त्रात केलं, मग चंद्रावरच्या विवरांवर पीएचडी. आता परत विदर्भातच एका कॉलेजात शिकवते. पहिली दोन वर्षं तासिका तत्त्वावर काढली, तेही सांगून ठेवते.

संधी आहेत. फार नाहीत, पण आहेत. त्यांची बातमी मात्र आपल्याकडे शिळी होऊन येते. मी तुझ्यासारखी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, त्याची नोटीस आमच्या कॉलेजच्या बोर्डावर जानेवारीत लागली. अर्ज नोव्हेंबरमध्येच संपले होते. पत्र कुठल्यातरी फाइलीत पडून राहिलं असणार. त्या दिवशी मी नोटीस बोर्डाचा नाद सोडला आणि घरच्या कालनिर्णयवर, आईच्या दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, तारखा लिहायला लागले. गंमत अशी की या तारखा दर वर्षी जवळपास त्याच महिन्यांत फिरून येतात. एमएस्सीसाठी 'जॅम'चे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. अकादम्यांची फेलोशिप नोव्हेंबरपर्यंत. 'जॅम' आणि एमटेक-पीएचडीसाठीची 'गेट' दोन्ही परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास. संशोधनाच्या फेलोशिपसाठीची 'नेट' परीक्षा वर्षातून दोनदा, त्यात 'पृथ्वी विज्ञान' हा स्वतंत्र पेपर आहे आणि तो तुझा. इस्रोचा 'स्टार्ट' नावाचा ऑनलाइन वर्ग २०२३ पासून आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या आणि एमएस्सीच्या मुलांसाठी. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोचीच संस्था, ती वर्षभर फुकट ऑनलाइन कोर्स चालवते. धाकटं भावंड नववीत असेल तर 'युविका' हा इस्रोचा शाळकरी मुलांसाठीचा वर्ग बघ. तिथे खेड्यातल्या शाळेत शिकत असल्याचे वेगळे गुण मिळतात. आपल्या खेडेपणाचे गुण मिळणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

संस्थांमध्ये पहिलं नाव अहमदाबादच्या पीआरएलचं, म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये काढलेली, आता अंतराळ विभागाखाली. ग्रहविज्ञानाचा तिथे वेगळा विभागच आहे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं 'एपीएक्सएस' हे उपकरण तिथलंच. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरलं. नंतर रोव्हर १०३ मीटर चालला आणि त्या वाटेवर या उपकरणाने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली. ती माती अॅनॉर्थोसाइट जातीच्या खडकाची निघाली. म्हणजे एके काळी अख्खा चंद्र वितळलेला होता आणि हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच झालं, या जुन्या तर्काला चंद्राच्या दक्षिणेकडूनही दुजोरा मिळाला. हे वाचून तुला काय वाटलं ते मला माहीत नाही. मला आमच्या पेट्रोलॉजीच्या, म्हणजे खडक ओळखण्याच्या, प्रॅक्टिकलचा वास आला. अॅनॉर्थोसाइट ज्याचा बनतो ते प्लॅजिओक्लेज हे खनिज ओळखण्यात ज्याने दोन वर्षं घालवली, त्याला ही बातमी परकी नाही.

इथे बरेच जण चुकतात. ग्रहविज्ञान म्हणजे दुर्बीण आणि भौतिकशास्त्र, असं समजून आपली मुलं भूगर्भशास्त्र घेतल्याबद्दल हळहळतात. दुर्बीणवाले हवेतच. पण चंद्र आणि मंगळ म्हणजे शेवटी खडक. त्यातही बराचसा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, आणि तो तर तुझ्या घरच्या विहिरीत आहे. वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली काळा पत्थर. विहीर खोदणारा गडी ज्या क्रमाने सांगतो तो लाव्ह्याच्या थरांचाच क्रम आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर.

आणि तुझ्या तालुक्याच्या उशाशी लोणार आहे. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपण तिथे शाळेच्या सहलीत जातो, दैत्यसूदनाचं देऊळ बघतो, डबा खातो आणि येतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, त्याच वर्षी ते पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही गेलं. पण बाहेरचे शास्त्रज्ञ इतक्या लांबून लोणारला येतात ते पाण्यासाठी नाही, काठासाठी. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असं हे विवर बेसाल्टमध्ये आहे, आणि आघाताने बेसाल्टमध्ये झालेली इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर जवळजवळ नाहीतच. चंद्रावर, मंगळावर मात्र जिकडे तिकडे तीच. म्हणून तिथे जाता येत नाही तर लोणारला या, असा सरळ हिशेब. मंगळावरच्या एका विवराला लोणार हे नावही दिलंय. तिथल्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायची, असा आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा रिवाज आहे.

लोणार ज्वालामुखीचं की अशनीचं, म्हणजे आकाशातून आदळलेल्या दगडाचं, यावर फार वर्षं वाद होता. तो मिटवण्यात मोठा हात एका काचेचा. आघाताचा दाब इतका असतो की प्लॅजिओक्लेज वितळायच्या आधीच त्याची आतली रचना मोडते आणि त्याची काच होते. तिला मास्केलिनाइट म्हणतात. १९७३ मध्ये ती लोणारच्या खडकांत सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हीच काच जगात सर्वांत आधी ओळखली गेली ती बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत, आणि तो दगड पुढे मंगळावरचा ठरला. म्हणजे शेरघाटी ते लोणार ही सगळी गोष्ट आपल्याच देशातली, आणि आपल्या पुस्तकात तिला दोन ओळीही नाहीत.

लोणारचं वय तर अजून भांडणातच आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, आर्गॉनच्या पद्धतीने पावणेसहा लाखांच्या आसपास. दहापट फरक! मी एमएस्सीला असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि वाटलं छपाईची चूक असावी. चूक नव्हती. ज्याला संशोधनाचा विषय हवा त्याने आणखी काय मागावं? फक्त एक लक्षात ठेव, ते अभयारण्य आहे. परवानगीशिवाय दगड उचलायचा नाही, अभ्यासासाठीसुद्धा नाही. वही आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन जा, काठावर उलटे पडलेले थर बघ, पहिल्या खेपेला तेवढं पुष्कळ.

आता घरबसल्या करायचं काम. चांद्रयान-२ चं ऑर्बिटर २०१९ पासून चंद्राभोवती आहे. त्याच्या ओएचआरसी कॅमेऱ्याच्या चित्रात पाव मीटरची वस्तूसुद्धा दिसते. हा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नाव नोंदवलं की फुकट मिळतो, नासाचा त्यांच्या 'पीडीएस' या साठ्यावर मिळतो. क्यूजीआयएस आणि जेमार्स ही नकाशांची सॉफ्टवेअरंही फुकट. एक विवर निवड, त्याच्या तळावरची छोटी विवरं मोज. जुन्या जमिनीवर विवरं जास्त, नव्या जमिनीवर कमी. पावसाने भिजलेल्या अंगणात थेंबांचे खड्डे मोजावेत तसंच. माझं पहिलं काम हेच होतं. फाइली जड असतात, लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी रात्री दोनला उठून डाउनलोड लावायची. आजी म्हणायची, "हे पोट्टी चंद्र पायते का राखण करते?"

वर मी म्हटलं की बातमी शिळी होऊन येते. आकाशातली वस्तू मात्र आपल्याकडे ताजीच येते, बाप्पा! २२ मे २०१२ च्या दुपारी काटोलला दगड पडले. त्या अशनीच्या तुकड्यात आयआयटी खरगपूरच्या गटाला ब्रिजमनाइट सापडलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरच्या खाली खच्चून भरलंय, पण हातात येत नाही. ते आलं ते काटोलच्या शिवारातून. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो आणि जळती रेघ आकाश कापत गेली. त्याच रात्री सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं कडं पडल्याचं कळलं. माझ्या वडिलांना अर्ध्या गावाचे फोन, "तुमची पोरगी तेच शिकते ना, विचारा काय हाय ते." ते चिनी रॉकेटचे अवशेष होते, अशनी नव्हे. पण उद्या खरोखर दगड पडला तर धुऊ नका, लोहचुंबक लावू नका (आतली चुंबकीय नोंद पुसली जाते), स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळा, जागा लिहून ठेवा आणि तहसीलला कळवा. भारतात पडलेले अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळतं, आणि त्यांचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरलाच आहे, सेमिनरी हिल्सवर.

जगातल्या घडामोडी कुठे कळतात? टेक्सासमध्ये चंद्र आणि ग्रहविज्ञानाची परिषद १९७० पासून भरते, हल्ली दर मार्चला. तिथे मांडायचं तर जानेवारीत दोन पानांचा गोषवारा पाठवावा लागतो. जायचा खर्च आपल्याला झेपत नाही हे खरं, पण आजवरचे गोषवारे कुणालाही फुकट वाचता येतात. कोण कशावर काम करतंय, कुणाकडे प्रकल्प आहे, हे जाहिरात निघायच्या आधी त्या पानांत दिसतं. मी माझ्या गाइडला असंच शोधलं. अहमदाबादला भारतीय ग्रहविज्ञान परिषदही भरते, ती रेल्वेच्या तिकिटात होते. आणि "नासात इंटर्नशिप, फी फक्त अमुक हजार" असा मेसेज आला तर पुसून टाक. नासाच्या नेहमीच्या इंटर्नशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि पैसे घेऊन कुणी शास्त्रज्ञ करत नाही.

घरच्यांना सांगायला आकडा हवा असेल तर हा घे : नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. पाच वर्षं तरी घरून मागावं लागत नाही. त्यानंतरचं मात्र गोड करून सांगणार नाही. पीआरएल, अहमदाबादचंच इस्रोचं सॅक केंद्र, आयसर, आयआयटी अशा मोजक्या जागा, आणि प्रत्येक जागेला रांग. बरेच जण पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, बाहेर जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली, ते चंद्राचे नमुने परत आणणार आहे. शुक्राच्या मोहिमेलाही तेव्हाच मंजुरी मिळाली. नमुने आले तर ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे भूगर्भवाले लागतील, म्हणून तुझ्या वयाच्या मुलांचा काळ माझ्यापेक्षा बरा वाटतो. पण एक दोर बांधून ठेव. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा याच अभ्यासावर देता येते, भूजल सर्वेक्षणात आणि खाणींत जागा निघतात. माझ्या वर्गातला एक जण आज भूजलमध्ये आहे आणि गावोगाव फिरून माझ्यापेक्षा सुखी आहे.

इंग्रजीचं म्हणशील तर आठवड्याला एक गोषवारा वाच, दोनच पानं, शब्दकोश घेऊन. तीन महिन्यांत तेच तेच शब्द फिरून येतात. पीएचडीच्या मुलाखतीत माझ्यासमोर टेबलावर एक दगड ठेवला आणि वर्णन कर म्हणाले. निम्म्यात माझं इंग्रजी संपलं, मग उरलेलं हिंदीत सांगितलं : पोकळ्या आहेत, त्यात झिओलाइट हे पांढरं खनिज भरलंय, कडेला हिरवट झाक आहे, म्हणजे लाव्ह्याच्या प्रवाहाच्या वरच्या भागातला असावा. त्यांनी विचारलं, कुठला असेल? मी म्हटलं, सर, आमच्या विहिरीतून असेच निघाले होते, बाबांनी त्याची गोठ्याला भिंत घातली.