पेन्शन जाईल म्हणून लग्न नको?

प्रश्न : ताई, मी ६१ वर्षांची, सांगलीत एकटी राहते. मिस्टरांना जाऊन ८ वर्षं झाली, ते राज्य सरकारी नोकरीत होते, त्यांच्या फॅमिली पेन्शनवर माझं चालतं. सकाळी आमराईत फिरायला जाते तिथे एकांची ओळख झाली, पोस्टातून रिटायर्ड, वय ६६, पत्नी वारल्यात. दोन वर्षं झाली आता. ते लग्नाचं विचारतायत आणि मलाही मनातून पाहिजे आहे. पुण्यातला मुलगा म्हणाला या वयात लोक काय म्हणतील, दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन, मग फ्लॅटचं काय? फ्लॅट अजून मिस्टरांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नव्हतं. मुलीला मी सांगितलेलंच नाही. मैत्रीण म्हणते नरसोबाच्या वाडीला जाऊन गुपचूप हार घाला, पेन्शनही चालू राहील. परवा माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर त्यांनी बॉलपेनने एकेका गोळीखाली वार लिहून दिला, मी विसरते म्हणून. घरी येऊन खूप रडले. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या गोळ्यांपाशी थांबले. पाहिजे आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग लग्न करू का नको हे मी सांगायची गरजच नाही, त्यात चुकीचं काही नाही, ६१ ला पण नाही. अडलंय ते पैशापाशी, तर त्यावरच बोलते.

पेन्शनचं म्हणाल तर पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याची फॅमिली पेन्शन बंद, हा जुना नियम होता, पण महाराष्ट्र सरकारने नंतर पुनर्विवाहानंतरही विधवेची पेन्शन चालू ठेवायचं ठरवलं, म्हणून तुमच्या बाबतीत काय होतं ते आधी कोषागारात विचारून घ्या. आणि मैत्रिणीचं अजिबात ऐकू नका. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पुनर्विवाह केलेला नाही असं तुम्ही सही करून देता ना, ती सही खोटी ठरेल, उद्या कुणी तक्रार केली की वसुली निघू शकते आणि ज्या माणसाबरोबर उजळ माथ्याने राहायचं त्याच्याबरोबर भीत भीत दिवस काढायचे, कशासाठी? शिवाय तसं लपवलेलं लग्न त्यांच्या माघारी सिद्ध करणं तुम्हालाच अवघड जाईल.

पण दुसरी बाजू तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. ते पोस्टातले, म्हणजे केंद्राचे पेन्शनर. केंद्रात रिटायर झाल्यावर केलेल्या लग्नाची पत्नीसुद्धा फॅमिली पेन्शनला पात्र असते, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. लग्न नोंदवायचं आणि लगेच त्यांच्या पेन्शनच्या कागदांत तुमचं नाव लावून घ्यायचं, हे काम त्यांनी स्वतः, धडधाकट असताना करायचं. त्यांची पेन्शन साधारण शेवटच्या बेसिकच्या ५० टक्के, त्यांच्या माघारी तुम्हाला ३० टक्के. तर दोघांची पासबुकं घेऊन बसा आणि तुमची आत्ताची रक्कम गेलीच तर भागतंय का बघा. असं बोलायला लाज वाटते हे मला कळतं, पण ज्या माणसाने गोळ्यांवर वार लिहिले त्याच्यासमोर पासबुक उघडायला कसली लाज.

आता फ्लॅट. मृत्युपत्र नव्हतं म्हणजे, मिस्टर गेले तेव्हा त्यांची आई हयात नव्हती असं धरून, तुम्ही, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा वाटा. तुमचा एक तृतीयांश लग्न केलं म्हणून जात नाही, कुणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पण सुनेची भीतीही अगदीच खोटी नाही हं, कारण लग्नानंतर तुम्ही मृत्युपत्राशिवाय गेलात तर तुमच्या वाट्यात मुलांबरोबर नवे मिस्टरही वारस होतात. म्हणून तुमचा वाटा मुलांना असं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण दुय्यम निबंधकांकडे करूनच टाका. त्यांनीही करावं, त्यांच्या घरात तुम्हाला हयातभर राहता येईल असं स्पष्ट लिहून. मुलांना खूश करायला फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने देऊन मोकळ्या होऊ नका, कृपा करून नको, डोक्यावरचं छप्पर आपल्याच हातात असू दे.

लग्न न करता सोबत राहणं बेकायदा नाही, काही जण पेन्शनसाठी तेच करतात. पण तुम्हाला लग्नच पाहिजे आहे असं पत्रावरून वाटतं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करायचं तर नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात.

माझी आत्या अशीच एकांना हो म्हणायची होती, मुलांना पटू दे मग बघू म्हणत नऊ वर्षं थांबली. ते गेल्याचं तिला पेपरमधून कळलं. त्या दिवशी ती नेहमीसारखा कुकर लावून बसली होती, शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायला उठलीच नाही. म्हणून सांगते, मुलाची परवानगी मागू नका, त्याला कळवा, प्रेमाने कळवा, पण तारीख ठरवून कळवा.

आणि मुलीला अजून सांगितलंच नाही हे मला सगळ्यात खटकलं. तिला एक दिवस माहेरी बोलवा, सकाळी फिरायला आमराईत घेऊन जा आणि त्यांची ओळख करून द्या. ते गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवा, तिला दाखवा.