मोठमोठे रॉक गायक ड्रग्जच्या खटल्यांतून सहज कसे सुटले?

तुमचा प्रश्न असा की, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सवाल्यांकडे एवढे अमली पदार्थ सापडले तरी कुणी फारसं आत का गेलं नाही? पैसा आणि वशिला होता म्हणून का? आणि आपल्याकडे पकडले गेले असते तर?

पैसा होताच, चांगला वकील काही फुकट मिळत नाही. पण ‘सहज’ म्हणाल तर बीटल्सच्या जॉन लेननची केस बघा. दंड झाला 150 पौंडांचा आणि तो निस्तरण्यात जवळपास आठ वर्षं गेली.

18 ऑक्टोबर 1968 ला लंडनमधल्या माँटेग्यू स्क्वेअरच्या फ्लॅटवर धाड पडली. फ्लॅट बीटल्सच्याच रिंगो स्टारचा, राहत होते लेनन आणि त्याची जोडीदार योको ओनो. दारात सार्जंट नॉर्मन पिल्चर, सोबत पोलीस आणि नंतर वास काढणारी कुत्री. लेननचं म्हणणं असं होतं की एका पत्रकाराकडून आधीच कुणकुण लागली होती. शिवाय त्या घरात पूर्वी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स राहून गेलेला, त्यामुळे घर झाडूनपुसून घेतलं होतं. तरीही थोडा चरस सापडलाच. योको ब्रिटिश नागरिक नव्हती, तिच्यावर शेकलं तर तिला देशाबाहेर काढतील ही भीती होती. म्हणून लेननने सगळं स्वतःवर घेतलं, गुन्हा कबूल केला, दंड भरला. प्रकरण मिटलं असं वाटलं असणार.

1971 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलू लागला. 1972 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची निवडणूक होती आणि अध्यक्षपदासाठी अठरा वर्षांची पोरं पहिल्यांदाच मत देणार होती. सेनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी अॅटर्नी जनरलना टिपण पाठवून सुचवलं की याचा व्हिसा काढून घ्यावा. मार्चमध्ये हद्दपारीची कारवाई सुरू झाली. कारण काय, तर तोच लंडनचा चरस.

वकील लिऑन वाइल्ड्स यांनी केस चिकाटीने लढवली. ऑक्टोबर 1975 मध्ये अपील न्यायालयाने हद्दपारीचा आदेश रद्द केला. मुद्दा साधा पण जबरदस्त होता. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात, घरात माल आहे हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी तुम्ही दोषी. अशा शिक्षेवरून अमेरिकेतून माणूस हाकलता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल लिहिणारे आयर्व्हिंग कॉफमन म्हणजे 1951 मध्ये हेरगिरीच्या खटल्यात रोझेनबर्ग पती-पत्नीला मृत्युदंड सुनावणारे न्यायाधीश, त्यामुळे गायकावर भाळून निकाल दिला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. ग्रीन कार्ड हातात पडलं ते जुलै 1976 मध्ये.

आणि पिल्चर? गायक डोनोव्हन, स्टोन्सचा ब्रायन जोन्स, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन अशा बऱ्याच जणांना या गृहस्थांनी पकडलं. हॅरिसनच्या घरावर तर बीटल्सच्याच पॉल मॅकार्टनीच्या लग्नाच्या दिवशी धाड टाकली. 1973 मध्ये दुसऱ्याच एका ड्रग्ज प्रकरणात न्यायाच्या कामात खोटेपणा केल्याबद्दल पिल्चरलाच चार वर्षांची शिक्षा झाली.

वशिला कुठे दिसतो म्हणाल तर 1967 च्या स्टोन्स खटल्यात थोडा दिसतो, तोही उलट्या बाजूने. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या ससेक्समधल्या घरावर धाड पडली ती एका वर्तमानपत्राने पोलिसांना खबर दिल्यामुळे, आणि स्टोन्सचा गायक मिक जॅगर याने त्याच वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावलेला. जॅगरकडे अॅम्फेटामिन या उत्तेजकाच्या चार गोळ्या सापडल्या, इटलीत त्या राजरोस विकत मिळायच्या. त्याला तीन महिने, रिचर्ड्सला एक वर्ष. शिक्षा सुनावल्यावर दोघांनीही एक रात्र तुरुंगात काढली. मग ‘द टाइम्स’चे संपादक विल्यम रीस-मॉग यांनी अग्रलेख लिहिला की एखाद्या अनोळखी पोराला एवढी शिक्षा झाली असती का? इतक्या जुन्या, सोवळ्या वृत्तपत्राने हे विचारल्यावर वातावरण पालटलं. महिन्याभरात अपिलात रिचर्ड्सची शिक्षा रद्द झाली, जॅगर अटींवर सुटला.

खरं नशीब फळफळलं ते रिचर्ड्सचं, 1977 मध्ये टोरांटोत. 22 ग्रॅम हेरॉइन आणि विक्रीसाठी बाळगल्याचा आरोप, म्हणजे जन्मठेपही होऊ शकली असती. अखेर नुसतं बाळगल्याची कबुली, प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, आणि अंधांसाठी मोफत कार्यक्रम करण्याचा आदेश. इथे मात्र तुमची शंका मला रास्त वाटते.

मॅकार्टनीला 1980 मध्ये नारिता विमानतळावर 219 ग्रॅम गांजासह धरलं. नऊ रात्री कोठडीत, मग थेट परत पाठवणी. जपानचा सगळा दौरा बुडाला.

आता आपल्याकडचं. अमली पदार्थांविरुद्धचा आपला एनडीपीएस कायदा 1985 चा, म्हणजे या सगळ्यांनंतरचा. त्यात गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतात, म्हणून मॅकार्टनीचा माल नुसता बाळगल्याचा गुन्हा ठरला असता तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. तो माल विमानातून देशात आणलेला, हा मुद्दा सरकारी वकिलाने सोडला नसता ते वेगळं. हेरॉइनची अल्प मर्यादा फक्त 5 ग्रॅम. रिचर्ड्सच्या 22 ग्रॅमना दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकला असता. आणि कलम 35 नुसार आरोपीला माहीत होतं असंच न्यायालय गृहीत धरतं, माहीत नव्हतं हे त्यानेच सिद्ध करायचं. लेननला दंड भरून घरी जाता आलं असतं कदाचित, पण ‘ठाऊकच नव्हतं’ हा वाइल्ड्स यांचा मुद्दा इथे इतका सोपा गेला नसता.