कापूस भारतात पिकतो, मग म्हापशात घेतलेल्या शर्टावर 'मेड इन बांगलादेश' कसं?

कापूस पिकतो तिथेच शर्ट शिवला जातो असं नाही. सूतकताई, विणकाम यंत्रांवर चालतं. भांडवल आणि वीज जास्त लागते, माणसं कमी. शिवणाचं तसं नाही. शर्ट उलटा करून बाहीचा जोड बघा: लुळं, सरकणारं कापड गोलाईत फिरवायला मशीनवर माणूसच लागतो. म्हणून हे काम स्वस्त मजुरीमागे, बांगलादेशसारख्या देशात पळतं. बांगलादेशात कापूस नाममात्र पिकतो. भारतातूनही बराच कापूस तिकडे जातो. त्यांच्या कपड्यांना युरोपात २००१ पासून आयातशुल्क नाही, २०११ पासून भारतातही बहुतेक प्रकारांवर माफ झालं. डिझाइन आणि ब्रँड, म्हणजे खरा मलिदा, बहुधा तिसऱ्याच देशात राहतो.