फोटोतले डोळे उजळ करायचे आहेत, पण खोटे दिसायला नकोत. फोटोशॉपमध्ये कसे करू?

आधी पांढरा भाग सोडा, बुबुळावर काम करा. कर्व्हज् ॲडजस्टमेंट लेयर (उजळपणा बदलणारा वेगळा थर) घ्या, थोडा उजळ करा, कंट्रोल+आय दाबून त्याचा मास्क काळा करा, म्हणजे उजळपणा झाकला जाईल. मग मास्कवर बुबुळाच्या जागी मऊ पांढरा ब्रश फिरवा, फ्लो (ब्रशचा जोर) 10 टक्के. प्रकाशाचा ठिपका बुबुळात वर डावीकडे असेल, तर खाली उजवीकडची बाजू उजळवा. खऱ्या डोळ्यात प्रकाश आत शिरून ठिपक्याच्या विरुद्ध बाजूलाच पसरतो, म्हणून ते खरे वाटते. ठिपका मात्र पुसू नका, डोळ्यातला जीव तोच.

लाल शिरा नव्या लेयरवर हीलिंग ब्रशने (डाग झाकणारा ब्रश) काढा, ठळक तेवढ्याच. पांढऱ्या भागाचे सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) जरासे कमी करा, बस. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला फोटो असेल तर अंगातली बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) बघा. डोळे तिच्याहून पांढरे दिसले, तर नक्कीच जास्त झाले.

शेवटी कर्व्हज् लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) निम्म्यावर आणून, झूम कमी करून पाहा.

आणि सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तिथे एडिटिंगला मर्यादा आहे. माणसाला सावलीच्या कडेला उभे करा, तोंड उजेडाकडे.