'सरासरी' म्हणजे 'मध्यक' नव्हे

ब्रिटनसारख्या देशांतल्या बालदारिद्र्याच्या सरकारी व्याख्येत 'मध्यक उत्पन्नाच्या 60 टक्क्यांहून कमी' असे शब्द येतात. मध्यक म्हणजे सगळी उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे उत्पन्न. तेथे 'सरासरी उत्पन्न' म्हटले तर काय बिघडते आणि 'बालदारिद्र्य' म्हणावे की 'बालगरिबी', असा प्रश्न आहे.

बिघडते ते सगळेच. ही चूक वारंवार वाचून मला चीड येते, कारण शब्द बदलला की गरीब ठरणाऱ्या मुलांची संख्याच बदलते. पाच घरांचे उत्पन्न अनुक्रमे 10, 12, 20, 30 आणि 128 धरा. सरासरी 40, तिचे 60 टक्के 24, म्हणजे तीन घरांतील मुले रेषेखाली जातात. मध्यक 20, त्याचे 60 टक्के 12, आणि रेषेखाली एकच घर राहते. पाचव्या घराचे उत्पन्न दुप्पट झाले, तर सरासरीची रेषा 39 च्या पुढे जाऊन चौथे घरही गरिबांत जमा होते. मध्यक जागचा हलत नाही.

'सरासरी'च्या पोटातच हे सारे आहे. फारसीत 'सर' म्हणजे डोके, त्यावरून टोक. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'सरदार' आणि 'सरपंच' यांतला 'सर' तोच. माझे तर ठाम मत आहे की हिशेबात हा शब्द रुजला तो याच अर्थामुळे: दोन्ही टोके धरून सगळे सपाट करणारी ती संख्या. मध्यकाला टोकांशी कर्तव्य नाही. रांगेत मधोमध जो उभा, त्याचेच उत्पन्न तो सांगतो. 'सरासरी' इतका बोलका शब्द रूढ असताना पाठ्यपुस्तकांनी तिला 'मध्य' म्हणावे आणि 'मध्यक'पासून तिचा भेद एका 'क'वर सोपवावा, हे मला साफ अमान्य आहे. आजचा गोंधळ त्यातूनच वाढला आहे.

ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याने मध्यकाच्या 60 टक्क्यांखालील कुटुंबांतल्या मुलांचे प्रमाण 2020 पर्यंत 10 टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट सरकारला घालून दिले होते. 2016 मध्ये ते रद्द झाले. न्यूझीलंडच्या 2018 च्या कायद्यातही उत्पन्नाची मोजणी मध्यकावरच आहे. मंदीत मध्यकच घसरला, तर एकाही मुलाच्या ताटात घासभर न वाढता आकडा सुधारतो, हे खरे. म्हणूनच दोन्ही कायद्यांनी एका ठरावीक वर्षाच्या मध्यकावर बेतलेली स्थिर रेषाही सोबत ठेवली.

'बालगरिबी' चालेल. 'दारिद्र्यता' मात्र लिहू नये, कारण 'दारिद्र्य' हेच 'दरिद्र'चे भाववाचक नाम आहे.