समुद्रसिंहांच्या आहाराचा इतिहास कसा वाचतात?

प्रश्न : समुद्रसिंह हे सीलसारखे समुद्री सस्तन प्राणी पाण्याखाली शिकार करतात आणि बहुतेक वेळा तिथेच ती गिळतात. असे असताना त्यांचा आहार गेल्या काही दशकांत बदलला, असे शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर म्हणतात? मेलेल्या प्राण्याचे पोट तपासणे हाच त्यातला खात्रीचा मार्ग नाही का?

उत्तर : पोट तपासणे हा एके काळी मुख्य मार्ग होता, परंतु तो वाटतो तितका खात्रीचा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह सामन मासे फस्त करतात, अशी मच्छीमारांची तक्रार होती आणि त्यांना सरसकट मारावे, अशी मागणी होत होती. त्या काळात माँटेरे परिसरात मारलेल्या समुद्रसिंहांची पोटे प्राध्यापक डाइश यांनी तपासली, तेव्हा त्यांत प्रामुख्याने म्हाकूळ (स्क्विड) सापडले. १९०१ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध करून त्या प्राण्यांची बाजू मांडली. हे काम धाडसाचे होते आणि त्याचे मोल मला आजही वाटते. मात्र म्हाकुळाच्या तोंडातील कठीण चोच चिवट असते आणि ती पोटाच्या वळ्यांमध्ये अडकून राहते, तर माशांचे अवशेष लवकर विरघळतात किंवा पुढे सरकतात. त्यामुळे पोटातील अवशेषांवरून म्हाकुळाचे प्रमाण खऱ्यापेक्षा अधिक दिसण्याची शक्यता राहते.

आज मुख्य भिस्त विष्ठेवर आहे. समुद्रसिंह विश्रांतीसाठी आणि पिल्लांना पाजण्यासाठी किनाऱ्यावर येतात, तेथून विष्ठा पिशव्यांत भरून आणतात, गोठवून ठेवतात आणि नंतर बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांच्या उतरंडीवर पाण्याने धुतात. चाळणीत उरतात ते मणके, हाडांचे तुकडे, म्हाकुळाच्या चोची आणि कर्णाश्म. कर्णाश्म म्हणजे माशाच्या आंतरकर्णातील चुनखडीचा खडा. तो वाळवून ठेवतात. चोची मात्र वाळल्या की आक्रसतात, म्हणून त्या अल्कोहोलमध्ये ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरलेल्या कर्णाश्माच्या कडा, त्यावरील खाच आणि एकूण आकार यांवरून मासा कोणत्या जातीचा होता हे कळते आणि त्याच्या लांबीवरून माशाची लांबी काढता येते. पचनात खडा झिजलेला असतो, हे गृहीत धरून त्यात दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती किती, हे ठरवण्यासाठी पाळलेल्या समुद्रसिंहांना मोजून मासे खाऊ घालतात आणि त्यांपैकी किती खडे विष्ठेत परत मिळतात, ते मोजतात.

अर्थात, एका नमुन्यातून गेल्या एक-दोन दिवसांचेच खाणे कळते. काळाचा पट मिळवायचा तर त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे नमुने गोळा करत राहावे लागते. दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे आणि सॅन निकोलस या बेटांवर १९८१ पासून अशी नोंद ठेवली गेली आहे. अँकोव्ही, सार्डिन, म्हाकूळ, हेक आणि रॉकफिश यांचे पारडे कधी कोणत्या बाजूला झुकले, हे अशा नोंदींमुळेच दिसते. या कामात चमकदार असे काही नाही, आणि त्यासाठी पैसा मिळवणेही सोपे नसते. तरीही या विषयातले सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो. २०१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात उपाशी, हाडे दिसणारी पिल्ले मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागू लागली. पाजणाऱ्या माद्यांच्या आहारात चरबीयुक्त सार्डिन आणि अँकोव्ही घटून म्हाकूळ आणि रॉकफिश वाढले होते, हे तेव्हा दाखवता आले ते जुनी नोंद हाताशी होती म्हणून.

याहून मागे जायचे तर प्राण्याच्या शरीरातच पाहावे लागते. समुद्रसिंहाच्या मिशा खऱ्या सीलच्या मिशांसारख्या दरवर्षी गळत नाहीत, त्या अनेक वर्षे वाढत राहतात. एका मिशीचे मुळापासून टोकापर्यंत तुकडे केले आणि प्रत्येकातील नत्र व कार्बन यांच्या जड समस्थानिकांचे (त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजले, की त्या काळातील आहाराचा चढउतार क्रमाने उलगडतो. अन्नसाखळीत वरची पायरी गाठली की जड नत्राचे प्रमाण वाढते; आईच्या दुधावर असलेले पिल्लू तर आईहूनही एक पायरी वर दिसते. दाताच्या डेंटीनमध्ये, म्हणजे आतल्या कठीण भागात, वर्षागणिक थर साचतात, म्हणून तिथे जवळपास सारे आयुष्य वाचता येते. संग्रहालयांतील कवट्यांमुळे तर दशकांची तुलना शक्य होते. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधील कवट्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की अमेरिकेतील १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानंतर संख्या वाढत गेली तसे नर आकाराने मोठे झाले आणि त्यांचा आहार अधिक विविध झाला. माद्यांच्या आकारात मात्र तसा फरक पडला नाही. अशा तुलनेत एक काळजी घ्यावी लागते. कोळसा आणि तेल जाळल्याने समुद्रातील कार्बनचे समस्थानिक प्रमाणच बदलत गेले आहे, आणि ती दुरुस्ती केली नाही तर हवेतून समुद्रात उतरलेला हा बदल आहारातला बदल म्हणून नोंदला जाईल.

प्रश्न : डीएनए चाचणी असताना खडे आणि हाडे वेचत बसण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते. शार्कला असे कठीण कर्णाश्म नसतात आणि मोठ्या सामनचे डोके समुद्रसिंह पुष्कळदा खातच नाही. अशी शिकार विष्ठेतील डीएनएतून सापडते, हा मोठाच लाभ आहे. परंतु तो मासा बोटभर होता की हातभर, हे डीएनए सांगत नाही, ते खडाच सांगतो.

प्रश्न : पोट भरले की झाले, मग मासा कोणता याला एवढे महत्त्व का?

उत्तर : या प्रश्नावर स्टेलर समुद्रसिंह या दुसऱ्या जातीच्या निमित्ताने मोठा वाद झाला. अलास्कातील तिची पश्चिमेकडील संख्या १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटली आणि १९९७ मध्ये तिला धोक्यात आलेली म्हणून जाहीर करण्यात आले. त्यांच्या विष्ठेत पोलॉक मासा भरपूर सापडत होता. मात्र त्या माशात हेरिंग माशाच्या तुलनेत चरबी कमी असते. पाळलेल्या स्टेलर समुद्रसिंहांना हवा तितका पोलॉक दिला तरी त्यांचे वजन उतरले, हे रोझेन आणि ट्राइट्स या संशोधकांनी २००० मध्ये दाखवून दिले. घसरणीचे ते एकमेव कारण होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. मोठा प्राणी जास्त खाऊन उणीव भरून काढू शकतो. नुकतेच दूध सुटलेल्या पिल्लाला वाढीसाठी अधिक ऊर्जा लागते आणि पोट लहान असल्याने तितका कमकस मासा त्यात मावत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात पिल्ले जन्मतात त्या किनाऱ्यांवर गोळा केलेली विष्ठा, जी बहुतांशी माद्यांची असते, तेवढी पुरत नाही. हिवाळ्यात, वादळी हवेत, निसरड्या खडकांवर जाऊन वर्षा-दोन वर्षांच्या पिल्लांचे नमुनेही आणावे लागतात.